वही सरकारची, पुराव्याचे ओझे गरिबाच्या माथी

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातील कितीतरी घरांत एक विलक्षण इतिहाससंशोधन सुरू होते. मुलाला अभियांत्रिकीकडे जावयाचे असते, मुलीला वैद्यकीय शाखेकडे. आणि त्यासाठी शोध सुरू होतो तो पणजोबांचा. पणजोबा कोठे जन्मले, कोणत्या शाळेत गेले, त्या शाळेच्या रजिस्टरात त्यांची जात कोणत्या शब्दांत लिहिली आणि कोणत्या साली लिहिली. ज्या घराने उद्याच्या भाकरीपलीकडचा हिशेब कधी केला नाही, त्या घराला एकाएकी तीन पिढ्यांचा हिशेब द्यावा लागतो, आणि तोही सहीशिक्क्यानिशी. हा हिशेब मागणारे कार्यालय म्हणजे जात प्रमाणपत्र पडताळणी समिती.

हिशेब मागण्यातच अन्याय आहे, असे आम्ही म्हणत नाही. आमची तक्रार निराळी आहे. ह्या शहरात अशी हजारो माणसे राहतात की ज्यांच्या पूर्वजांची नोंद खुद्द सरकारने, त्यांच्या इच्छेविरुद्ध, बोटांच्या ठशांसह करून ठेवली होती. त्या पूर्वजांना सरकारने तारेच्या कुंपणात ठेवले, रोज नाव पुकारून त्यांची हजेरी घेतली, गावाबाहेर जावयाचे तर हातात पास दिला. आज त्यांच्याच नातवंडांना तेच सरकार विचारते, ‘तुमचे पूर्वज कोण होते, ह्याचा पुरावा काय?’ ह्या प्रश्नात जो निगरगट्टपणा आहे तो कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवा.

वतन तेथे वंश

वंशावळ ही वस्तू आपल्याकडे नवी नाही. मराठेशाहीत देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण ह्या वतनांचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. तंटा गोतसभेपुढे गेला की दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत, मूळ पुरुषापासून वंशवृक्ष मांडीत, साक्षी होत आणि महजर करून निवाडा दिला जाई. म्हणजे वंशावळ लिहिली गेली ती पूर्वजांविषयीच्या भक्तीपोटी नव्हे; ती लिहिली गेली वतनासाठी. ज्याला वतन त्याला वंश. ज्याला वतन नाही त्याला केवळ बापाचे नाव, आणि तेही लिहून ठेवण्याचे कारण कोणाला पडले नाही.

इंग्रजी राज्यातही हाच क्रम राहिला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे ह्याची तपासणी सुरू झाली. दप्तरे उलगडली गेली ती जमिनीच्या हक्कासाठी. पुढे १९३० ते १९३४ ह्या काळात रियासतकार सरदेसाई ह्यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सरकारने छापून काढले. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी घरोघर हिंडून, माळ्यावर कुजत पडलेली दप्तरे वाचवून इतिहासाची साधने उभी केली. शिकल्या-सवरल्या कुळांनी आपापले कुलवृत्तांत छापले. हे सारे काम मोलाचे आहे. त्याची अवहेलना करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पण त्या कागदांच्या ढिगाऱ्यात वडाराचा पणजोबा कोठे आहे? ज्याने दगड फोडला, त्याचे नाव वाड्याच्या कागदात नाही. ज्याने तळ्याचा बांध घातला, त्याची मजुरी जमाखर्चात एकूण बेरजेने आली. नाव आले नाही.

आमच्या सीमेवरच्या मुलखात तर ह्याचा एक जिवंत विरोधाभास पाहावयास मिळतो. सोलापूर, सांगली आणि पलीकडच्या विजापूर भागांत हेळवी नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बैलावरून गावोगाव फिरत आले. ठरलेल्या घरापुढे उभे राहावयाचे, त्या घराच्या पिढ्या क्रमाने म्हणून दाखवावयाच्या, नव्याने जन्मलेल्याचे नाव जोडून घ्यावयाचे आणि मिळेल ते धान्य घेऊन पुढच्या गावी जावयाचे, हा त्यांचा व्यवसाय. शेतकऱ्याचे सात पिढ्यांचे नाव ज्याच्या मुखी, तो हेळवी स्वतः महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. दुसऱ्याच्या घराचा वंशवृक्ष सांभाळणाऱ्या ह्या माणसाला त्याच्या स्वतःच्या मुलाच्या शिक्षणासाठी कार्यालयाच्या दारात उभे राहून सिद्ध करावे लागते की त्याला आजोबा होता!

दप्तरे दोन

गरिबाची नोंद सरकार दोनच प्रसंगी करते. त्याच्याकडून काही वसूल करावयाचे असेल तेव्हा, किंवा त्याची भीती वाटत असेल तेव्हा. पहिल्यातून महसुलाचे दप्तर निर्माण झाले आणि दुसऱ्यातून पोलिसांचे. सारा भरणाऱ्या कुळाचे नाव पहिल्या दप्तरात सापडते. गावात राहणाऱ्याच्या घरी मूल जन्मले वा माणूस मेले तर कोतवाल बुकात ओळ पडते, आणि त्या ओळीत जात असते. पण ज्याला गाव नाही, शेत नाही, घराला उंबरा नाही, त्याच्यासाठी महसूल खात्याने पान उघडलेच नाही. त्याचे पान उघडले ते पोलीस खात्याने.

१८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्व देशभर लागू करता येऊ लागला आणि १९२४ साली त्याची फेरमांडणी झाली. ह्या कायद्याचे सार एका वाक्यात सांगता येते: माणूस काय करतो हे पाहावयाचे नाही, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच पाहावयाचे. जमात ‘गुन्हेगार’ ठरली की तिच्या माणसांची नोंदवही तयार करावयाची, हुकूम झाल्यास त्यांच्या बोटांचे ठसे घ्यावयाचे, ठरलेल्या वेळी त्यांनी हजर राहावयाचे, मुक्काम बदलावयाचा तर आधी कळवावयाचे. वसाहतीत डांबण्याचा अधिकार सरकारला होता; मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळांत ठेवण्याचाही होता. ज्या देशात सामान्य माणसाच्या जन्माची तारीख धड कोठे लिहिलेली नसे, त्या देशात ह्या जमातींची नावनिशीवार वही मात्र कायद्याने सक्तीची होती.

मुंबई इलाख्यात ह्या वसाहती उभारण्याचे काम ओ. एच. बी. स्टार्ट ह्या सनदी अधिकाऱ्याच्या हाती होते. सोलापूरची सेटलमेंट ही त्यांतील एक प्रमुख वसाहत, आणि ती चालविण्याचे काम अमेरिकन मराठी मिशनकडे सोपविलेले होते. सोलापूरच का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा जिल्हा होरपळून निघाला आणि त्याच सुमारास येथे कापडाची पहिली मोठी गिरणी, म्हणजे आमची जुनी मिल, उभी राहिली. पुढे एकामागून एक गिरण्या निघाल्या आणि त्यांना हात हवे होते. हुबळी आणि गदग येथेही वसाहत आली ती गिरणीच्या आसऱ्याने. सुधारणेचे नाव होते. पण कुंपणाचे दार ज्या दिशेला उघडत होते ती दिशा गिरणीच्या भोंग्याची होती. कैकाडी, पारधी, भामटा, मांगगारुडी अशा अनेक जमातींची माणसे ह्या पद्धतीखाली आली. त्यांची हजेरी दोनदा झाली: एकदा कुंपणात पोलिसी वहीवर, एकदा गिरणीत मस्टरवर.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशातूनच गेला. विमुक्त समाज तो दिवस आजही मुक्तिदिन म्हणून पाळतो. सोलापुरात त्या वस्तीचे नाव ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे पडले. कुंपण गेले, नाव राहिले. शहराच्या नकाशावर ज्या अन्यायाची पाटी अजून वाचावयास मिळते, त्या अन्यायाचा कागद मात्र कोणालाच मिळत नाही, हे कसे?

कायदा काय मागतो

महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्राचा आणि त्याच्या पडताळणीचा कायदा हा २००० सालचा, म्हणजे २००१ चा तेविसावा अधिनियम. त्याच्या आठव्या कलमाने जात सिद्ध करण्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. व्यवहारात त्याला एक तारीख जोडलेली असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला वा तिच्यापूर्वी आपले कुटुंब ह्या राज्यात होते आणि त्याची जात अमुकच होती, हे कागदाने दाखवावयाचे.

आता सेटलमेंटीतील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजोबा १९५२ साली कुंपणाबाहेर पडले तेव्हा तरुण होते. शाळा त्यांनी पाहिली असेल तर ती कुंपणातली. जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. घर नव्हते, म्हणून घरपट्टीची पावती नाही. गाव नव्हते, म्हणून कोतवाल बुक नाही. गिरणीत लागले, पण लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ह्या गिरण्या ह्या शहराने एकामागून एक बंद पडताना पाहिल्या, आणि बंद गिरणीच्या मस्टरांचे काय झाले हे कामगाराला कोण सांगतो? अशा माणसाच्या हयातीचा १९६१ पूर्वीचा एकच सलग कागद संभवतो आणि तो म्हणजे त्याच्या हजेरीची वही. ती वही त्याच्या घरी कधीच नव्हती. ती लिहिणारे सरकार, ठेवणारे सरकार; आणि ती गहाळ झाली असेल तर गहाळ करणारेही सरकारच.

न्यायाचा साधा नियम असा की ज्याच्या ताब्यात कागद, त्यानेच तो हजर करावा. न केल्यास त्याचा अर्थ त्याच्या विरुद्ध काढावा. सावकाराच्या चोपडीविषयी आम्ही हाच नियम मागितला आणि तो योग्यच होता. कूळकायद्याच्या लढ्यातही आम्ही हेच म्हणत आलो की जमीनदाराच्या घरच्या कागदावर कुळाचे भवितव्य ठरू नये. मग सरकार हेच जेव्हा चोपडी धरून बसलेले असते तेव्हा नियम उलटा का व्हावा?

आणखी एक गोष्ट. पडताळणीच्या व्यवस्थेत दक्षता पथक असते आणि त्यात पोलीस अधिकारी असतो. संशय आला की पथक घरी येते, शेजाऱ्यांना विचारते, देव कोणता, लग्नात विधी कोणते, बोली कोणती, हे लिहून घेते. इतर घरांना ही एक चौकशी वाटत असेल. ज्या वस्तीच्या आजोबांनी शिट्टी ऐकून रांगेत उभे राहण्यात आयुष्य काढले, त्या वस्तीला पोलीस पुन्हा दारात येऊन ‘तुम्ही तेच ना?’ असे विचारतात, ह्याचा अर्थ निराळा होतो. पूर्वी ‘होय’ म्हटले तर शिक्षा होती. आता ‘होय’ म्हटले तर पुरावा नाही म्हणून दावा फेटाळला जातो. आणि दावा खोटा ठरला तर सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्याच कायद्यात आहे.

शब्दांचा घोळ तर विचारूच नये. एकाच समाजाला एका जिल्ह्यात पोलिसांनी एक नाव दिले, दुसऱ्या जिल्ह्यात दुसरे. गाढवावर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्याला कारकुनाने जे ऐकू आले ते लिहिले. शाळेत घालताना मास्तरांनी एखादे प्रतिष्ठित आडनाव देऊन टाकले. त्यावर यादी करणाऱ्यांनी प्रदेशाची रेघ ओढली. कैकाडी विदर्भातील जिल्ह्यांत अनुसूचित जातींत मोडतो. सोलापुरात तोच विमुक्त जातींत मोडतो. सख्खे भाऊ दोन जिल्ह्यांत राहिले तर त्यांची मुले दोन प्रवर्गांची! ज्यांनी नावे बदलली, रेघा ओढल्या, ते विचारतात की तुमच्या कागदात विसंगती कशी?

वंशावळ म्हणजे केवळ बापाची काय?

पडताळणीच्या अर्जासोबत वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते. पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा, वडील, काका, अर्जदार. ह्या झाडाला मुळापासून शेंड्यापर्यंत सारी पाने पुरुषांची. नात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते उपयोगी पडते. पण नाते वडिलांकडील रक्ताचे हवे. ज्या घरातून पुरुष परागंदा झाला आणि बाईने चार घरची भांडी घासून मुले वाढविली, त्या घरातील मुलीने कोणाचे झाड काढावे? सोलापूर हे विडी वळणाऱ्या बायांचे शहर आहे. ह्या बायांनी तंबाखूच्या धुळीत बसून घरे चालविली, मुले शिकविली, आणि वंशावळीच्या कागदावर त्यांना जागा नाही. एकल मातेच्या मुलाला, देवाला सोडलेल्या बाईच्या मुलाला हा कागद सरळसरळ सांगतो की तुला पूर्वजच नाहीत. मातेकडील कागद पुरावा म्हणून पूर्ण किमतीने का धरू नये, ह्याचे समाधानकारक उत्तर आम्हांला कोणी दिलेले नाही.

‘पण बोगस दाखल्यांचे काय?’

आमच्या म्हणण्यावर लगेच आक्षेप येईल की पुराव्याची अट सैल केली की बोगस दाखल्यांचा सुळसुळाट होईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आदिवासींच्या जागा बिगर-आदिवासींनी बळकावल्या, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहे. पडताळणी समित्यांची आजची व्यवस्था उभी राहिली ती माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली घालून दिलेल्या दंडकांतून, आणि त्या निकालामागे खऱ्याखुऱ्या लुटीची पार्श्वभूमी होती. २०१७ साली त्याच न्यायालयाने सांगितले की दावा अवैध ठरला तर त्या दाव्यावर मिळविलेली नोकरी टिकणार नाही. खऱ्या आदिवासीच्या दृष्टीने हे योग्यच झाले.

परंतु बोगस दाखला कोण काढतो, ह्याचा विचार करावा. ज्याचा तलाठ्याकडे वशिला आहे, ज्याला जुन्या रजिस्टरात शाई घालून घेता येते, ज्याच्याकडे वकिलाला द्यावयास पैसा आहे, तो. त्याच्यापाशी कागदांची कमतरता कधीच नसते. किंबहुना त्याची फाईल सर्वांत जाड असते. कागदाची अट जितकी कठोर करावी तितका कागद बनविणारा निभावून जातो आणि कागद नसलेला अडकतो. चोर पकडण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात चोर सापडत नसेल आणि घरधनीच सापडत असेल, तर जाळे बदलावयास हवे. सरकारने स्वतःच्या दप्तरातून स्वतः शोधून काढलेली नोंद ही अर्जदाराने आणून दिलेल्या नकलेपेक्षा बनावट होण्याची शक्यता कमीच. म्हणजे आमची मागणी मान्य केली तर बोगसपणा वाढत नाही, घटतो.

दुसरा आक्षेप अधिकारीवर्गाकडून येतो. कागद नसेल तर गृहचौकशी करून निर्णय देता येतो, मग ओरड कशाला? येता येईल; पण गृहचौकशी ही कृपा आहे, हक्क नव्हे. ती कोणी करावयाची, किती दिवसांत करावयाची, तिचा अहवाल प्रतिकूल आला तर कशाच्या आधारे आला, ह्यांतले काहीच गरिबाच्या हातात नसते. प्रवेशाची मुदत मात्र दिवसांवर येऊन ठेपलेली असते. आणि आप्तभाव तपासण्याची कसोटी ही अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये आदिवासी दाव्यांसंबंधी सांगितलेच आहे. बदलत्या काळात ज्याने आपली बोली, आपला देव, आपला पेहराव सोडला, तो ह्या कसोटीत आधी नापास होतो. त्याला हे सारे सोडावयास लावणारी ती सेटलमेंटच होती, ह्याची नोंद पथकाच्या अहवालात कोठे असते?

तिसरा आक्षेप आमच्या काही सोबत्यांचा आहे. जात नष्ट करावयाची म्हणता आणि जातीच्या वह्या उघडा म्हणता, ही विसंगती नव्हे काय? नव्हे. जखम बरी करावयाची असेल तर ती कोठे आहे हे आधी पाहावे लागते. वंशावळीचा अभिमान मिरविण्यासाठी कोणी सेटलमेंटीची वही मागत नाही. ज्या वहीने आजोबांना गुन्हेगार ठरविले, त्याच वहीने नातीला शाळेचे दार उघडावे, एवढाच त्या मागणीचा अर्थ आहे.

इच्छा असली म्हणजे

हे काम अवाढव्य आहे, जुन्या नोंदी मोडीत आहेत, दप्तरे विखुरलेली आहेत, मनुष्यबळ नाही, असे सांगण्याची सोय आता सरकारला राहिलेली नाही. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या प्रश्नावर आंदोलन पेटले. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली, पुढे तिचे काम राज्यभर नेले. मग काय झाले? महसुलाची, भूमी अभिलेखांची, शाळांची, जन्ममृत्यूची, दुय्यम निबंधकांची, इतकेच काय पोलिसांची आणि तुरुंगांचीही दप्तरे तपासली गेली. मोडी वाचणारे शोधून आणले. निजामी काळातील उर्दू-फारसी कागदांपर्यंत मजल गेली. सापडलेल्या लाखो नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढविल्या. कुणबी शेतकऱ्याला त्याच्या पणजोबाची ओळ सरकारने शोधून दिली.

त्या शोधाला आमचा विरोध नाही. कष्टकऱ्याला त्याचा कागद मिळाला तर आम्हांला आनंदच आहे. आणि दोन वंचितांना एकमेकांसमोर उभे करण्याचा धंदा आम्ही दुसऱ्यांसाठी सोडून देतो. पण त्या शोधाने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. सरकारला हवे असेल तर पूर्वजांचा शोध ही अर्जदाराची खाजगी विवंचना राहत नाही. तो सरकारी कामाचा भाग होतो. ज्या तुरुंगांच्या आणि पोलिसांच्या दप्तरांत ‘कुणबी’ हा शब्द शोधण्यात आला, त्याच दप्तरांत कैकाडी, पारधी, भामटा, बेरड, छप्परबंद, कंजारभाट हे शब्द पानोपान असणार. ते दप्तर मुळात त्यांच्यासाठीच तर उघडले होते! ती पाने उलटताना हे शब्द कोणाच्याच डोळ्यांत भरू नयेत काय? मोठ्या संख्येच्या समाजाचा आवाज मुंबईपर्यंत जातो. पालातल्या माणसाचा आवाज पालाबाहेरही जात नाही, हेच ह्यामागचे कारण आहे.

समुद्रापलीकडे पाहावे. ब्रिटिशांनी ऊस पिकविण्यासाठी हिंदुस्थानातून लाखो मजूर करारावर मॉरिशसला नेले. त्यांत आमचे मराठी लोकही होते. तेथेही नोंद केली ती मळेवाल्यांच्या सोयीसाठी: नाव, बापाचे नाव, जात, गाव, जहाज. पण ती रजिस्टरे आज मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेली आहेत, आणि मजुराच्या वंशजाला त्यांतून आपल्या पूर्वजाचा माग काढता येतो. २०२४ साली भारताच्या राष्ट्रपतींनी मॉरिशसमध्ये जाहीर केले की भारतीय मूळ असलेल्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळू शकेल. चांगले झाले. सातासमुद्रापलीकडच्या सातव्या पिढीचे नाते भारत सरकार मानते; सोलापूरच्या सेटलमेंटीतील तिसऱ्या पिढीचे नाते मात्र पुराव्याअभावी अमान्य होते!

काय करावयास हवे

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कुणबी नोंद संकेतस्थळावर टांगली तर कोणाची मान खाली जात नाही. सेटलमेंटीची वही तशी चव्हाट्यावर मांडता येणार नाही. तिच्यात माणसाच्या नावापुढे ‘गुन्हेगार’ हा शब्द आहे, आणि तो शब्द चिकटविणारे पोलीस आणि शेजारी अजून संपलेले नाहीत. कोठे चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर धाड पडते, हे आजही ऐकू येते. म्हणून ही वही शोधली जावी, जपली जावी, तिची प्रत व्हावी. पण ती उघडावी ती त्या कुटुंबासाठी आणि त्याच्या दाव्याच्या कामापुरती. अभ्यासकाला ती द्यावयाची तर नावे झाकून द्यावी.

एवढे सांगून आमच्या मागण्या आम्ही मांडतो. पहिली, सेटलमेंटी, त्यांच्या शाळा, पोलीस ठाणी, तुरुंग ह्यांच्या १९६१ पूर्वीच्या दप्तरांचा शोध शिंदे समितीच्याच धर्तीवर, मुदत घालून, सरकारी खर्चाने व्हावा. मिशन आणि गिरण्या ह्यांच्याकडील कागदही त्यांत यावेत. दुसरी, असे एकही रजिस्टर ह्यापुढे रद्दीत जाता कामा नये. सरकारी अभिलेखात ‘अ’ वर्गाचा कागद कायम राखतात आणि ‘ड’ वर्गाचा वर्षभराने फाडतात. गरिबाचा पूर्वज कोणत्या वर्गात मोडतो हे आता सरकारने सांगून टाकावे. तिसरी, ज्यांच्या जमाती त्या कायद्याखाली नोंदविल्या गेल्या होत्या, त्यांच्या बाबतीत आठव्या कलमातील ओझे बदलावे: शोधूनही नोंद सापडली नाही तर तो अर्जदाराचा दोष न मानता, वस्तीतील वृद्धांची साक्ष आणि नात्यातील वैधता प्रमाणपत्र ह्यांवर निर्णय द्यावा. चौथी, आईकडील कागद बापाकडील कागदाच्या बरोबरीने धरावा. पाचवी, एका घरात एकाची पडताळणी झाली की भावंडांना आणि त्यांच्या मुलांना पुन्हा पुन्हा तोच वनवास नको. सहावी, विमुक्तांच्या वस्तीत चौकशीला पोलीस पाठवू नये. समाजकल्याण खात्याचा माणूस पाठवावा.

सोलापूरचे बाळकृष्ण रेणके ह्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने विमुक्त-भटक्यांच्या स्थितीचा अहवाल २००८ साली केंद्राला दिला. त्यानंतर दुसरा आयोग झाला, त्याचाही अहवाल आला. अहवालांना वंशावळ असते: एकातून दुसरा जन्मतो, दुसऱ्यातून तिसरा. अंमलबजावणी मात्र निपुत्रिक राहते. २०२५ साली केंद्राने येत्या जनगणनेत जात मोजण्याचे जाहीर केले आहे. मोजणीदार पालापर्यंत पोचला आणि त्याने नाव नीट लिहून घेतले, तर निदान पुढच्या पिढीच्या नातवाला आजच्यासारखे भटकावे लागणार नाही. पण जी मुलगी ह्या वर्षी गुणपत्रिका हातात घेऊन बसली आहे, तिला पुढच्या पिढीचे आश्वासन काय कामाचे?

१९३० च्या मार्शल लॉचे आणि चार हुतात्म्यांचे स्मरण हे शहर दर वर्षी करते. त्या हुतात्म्यांवरील खटल्याचे कागद राज्याने लिहिले ते त्यांना फासावर देण्यासाठी, आणि आज आम्ही त्याच कागदांवरून त्यांचा गौरव करतो. दडपणाऱ्याने लिहिलेला कागद दडपलेल्याच्या कामी येऊ शकतो, हे सोलापूरला कोणी शिकवावयास नको. सेटलमेंटीच्या वहीचेही तसेच व्हावयास हवे. सरकारने ती शोधावी. सापडली तर नातवंडांच्या हाती द्यावी. आणि सापडत नसेल तर ती आम्ही हरवली असे लेखी द्यावे; तो लेखच आम्ही पुरावा म्हणून जोडू.